सकाळची गोळी

तीर्थहळ्ळी,
५ नोव्हेंबर २००७

चि. दूमण्ण यास,

आशीर्वाद शेवटी. आधी कान धर.

तुझ्या डाव्या डोळ्यापुढचं अर्धं जग बुडून बारा दिवस झाले आणि मला ते कळलं कुणाकडून, तर सुपारीच्या व्यापाऱ्याकडून! काल आमच्या पडवीत कॉफी पिता पिता तो ओरडला (माझ्याशी बोलताना सगळेच ओरडतात), "बाई, तुमच्या भावाचा यक्षगानातला राक्षस यंदा बघायला मिळतो की नाही कोण जाणे!" मला वाटलं, मेळ्याच्या मालकाशी तुझं पुन्हा वाजलं. मग त्याने स्वतःच्या डोळ्यावर हात ठेवून दाखवलं.

जलजालाही तू गप्प बसवलंस. सख्ख्या बहिणीपासून लपवायला बायकोला शिकवतोस, छान! तुला वाटलं असेल, अक्का घाबरेल. अक्का घाबरलीच आहे. अप्पांचा पहिला डोळा चौपन्नाव्या वर्षी गेला तेव्हा तू नुकता मेळ्यात उभा राहायला लागला होतास. दोन वर्षांत दुसराही गेला. दोन्ही वेळा झोपेतून उठल्यावर. पुढची चौदा वर्षं अप्पा पडवीत बसून, खेळाचा चेंडा-ढोल कुठल्या गावच्या शेतात वाजतोय ते आवाजावरून ओळखत राहिले. मला दुसरे अप्पा बघायचे नाहीत. तुझा उजवा डोळा शाबूत राहिला पाहिजे. बाकीचं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

तू मंगळूरला डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलास म्हणे. डॉक्टरने काय काय विचारलं आणि तू काय काय उत्तर दिलंस ते सगळं लिही. पस्तीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, कुठे पान गाळलंय ते मला लगेच दिसतं. फोन मात्र करू नकोस. गेल्या वेळी तू केलास तेव्हा मला 'हॅलो' आणि एका कुत्र्याचं भुंकणं एवढंच ऐकू आलं, आणि मला वाटतं भुंकणंही तुझंच होतं.

तुझी,
देवक्का

 

बेळ्ळारे,
१४ नोव्हेंबर २००७

ती. अक्कास, साष्टांग नमस्कार.

कान धरले. दोन्ही. आता सोडू का? लिहिताना अडचण होते.

हकीकत अशी. चोवीस तारखेला सकाळी उठलो आणि गोठ्याकडे गेलो. उजव्या डोळ्यात भुसा गेला म्हणून तो मिटून चोळायला लागलो, तर समोरच्या म्हशीला पायच नाहीत! शिंगं आहेत, पाठ आहे, खाली सगळं करडं. डावा मिटून उजवा उघडला तर म्हैस पुन्हा चार पायांवर उभी. असं मी पाच-सहा वेळा केलं. म्हैससुद्धा माझ्याकडे संशयाने बघायला लागली. दुखणं नाही, लाली नाही, पाणी नाही. दोन दिवस कुणाला बोललो नाही. तिसऱ्या दिवशी जलजाने पेजेच्या डाव्या बाजूला वाढलेला बांगडा मला दिसला नाही. आपल्या घरात बांगडा न दिसणारा माणूस आजारीच असतो, म्हणून तिने मला मंगळूरच्या बसमध्ये घातलं.

डॉक्टरीण आहे, श्रीलता कामत. वयाने आपल्या पोरीएवढी, आवाजाने तुझ्याएवढी. तिने डोळ्यात थेंब घातले, आत बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "डोळ्यातलं चित्र मेंदूकडे नेणारी नस असते. तिला रक्त कमी पडलं, म्हणून ती सुजली आणि तिचा अर्धा भाग मेला." तुमच्या डोळ्यांत ती नस जिथून बाहेर पडते ते भोकच जन्मापासून लहान आहे, म्हणाली. लग्नाच्या मांडवाला एकच अरुंद दार असावं आणि सगळं वऱ्हाड एकदम निघावं, तसं झालंय आत.

मग उलटतपासणी. रक्तदाब आहे का? आहे, सहा वर्षं. साखर? काठावर. तंबाखू? पानाबरोबर, थोडी. थोडी म्हणजे किती? जरा जास्त. कोलेस्टेरॉल? नाव ऐकलंय. चावताना जबडा दुखतो का, केस विंचरताना डोकं हुळहुळतं का? नाही. (हो म्हटलं असतं तर वेगळाच रोग निघाला असता. त्यासाठी रक्तही तपासलं, ते ठीक आहे.) घोरता का? मी म्हटलं, "मला कसं कळणार, मी झोपलेला असतो!" ती हसली नाही. आणखी एक प्रश्न पुरुषमाणसांच्या एका गोळीबद्दल होता, तो मी तुला लिहिणार नाही. उत्तर 'नाही' असं होतं आणि जलजा बाहेर बसली होती हे देवाचे उपकार.

मुख्य सापडलं ते हे. आपल्या गावचे डॉक्टर मला रक्तदाबाच्या दोन गोळ्या झोपताना देत होते. कामतबाई म्हणाल्या, झोपेत रक्तदाब मुळातच उतरतो. त्यावर या दोन गोळ्या पडल्या की आणखी उतरतो, आणि अरुंद दारात अडकलेल्या त्या नसेपर्यंत रक्त पोचत नाही. म्हणून आता रात्री गोळी बंद. सकाळी घ्यायची. चिठ्ठीवर तिने लाल शाईने 'सकाळी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. डाव्याचं गेलं ते बहुधा परत येणार नाही. दुसऱ्याला असं होण्याचा धोका मात्र आहे, पाच-सात जणांत एखाद्याला होतंच, म्हणून त्याला जपा, असं दोनदा बजावलं.

तंबाखू त्याच दिवशी बसस्टँडवर टाकली. मीठ कमी. सुकी मासळी जलजाने उंच फळीवर ठेवली आहे.

मेळ्याचं म्हणशील, तर त्याबद्दल डॉक्टरीण काही बोलली नाही. पंचवीस तारखेला मेळा निघतोय. मी जातोय.

तुझा धाकटा,
दूमण्ण

 

तीर्थहळ्ळी,
२० नोव्हेंबर २००७

चि. दूमण्ण यास अनेक आशीर्वाद.

उत्तरपत्रिका बरी आहे. शंभरात सत्तर. तंबाखू बसस्टँडवर टाकलीस यावर माझा विश्वास नाही, त्याचे दहा कापले. बाकीचे वीस त्या न लिहिलेल्या प्रश्नाचे. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, दोन मुलं वाढवली आहेत, मला सगळ्या गोळ्या माहीत आहेत.

मेळ्याबद्दल ती काही बोलली नाही याचं मला नवल वाटलं. पण एवढी शिकलेली मुलगी आहे, तिला कळत असेल. मी उगाच त्यात तोंड घालत नाही. तुला मेळ्यातून ओढून घरी बसवलं तर तू सहा महिन्यांत जलजाला वेडं करशील, हेही मला माहीत आहे.

सोबत पार्सल आहे. त्यात गजराचं घड्याळ आहे. किल्लीचं, सेलची भानगड नाही. गजर मी सहावर लावून ठेवला आहे, तो हलवायचा नाही. रोज सकाळी सहाला वाजला की गोळी. रविवार नाही, सणवार नाही. तू लहानपणापासून विसराळू. अरे, स्वतःच्या मुंजी... आपल्यात मुंज नसते म्हणून वाचलास, नाहीतर तीही विसरला असतास.

मेळ्याच्या फिरतीचं छापील वेळापत्रक पाठव. कुठल्या तारखेला कुठल्या घरी खेळ आहे ते कळलं की यजमानाच्या पत्त्यावर लिहीत जाईन.

देवक्का

 

गुत्तिगारु मुक्काम,
१५ डिसेंबर २००७

ती. अक्कास सा. न.

तुझं घड्याळ म्हणजे घड्याळ नाही, दुसरा चेंडा आहे. पहिल्या दिवशी ते वाजलं तेव्हा मी रंगपटात मांडी घालून तोंडाला खोबरेल चोळत होतो. चेहऱ्यावर तांदूळ-चुन्याचे काटे वाळून दगड झालेले, ते खरवडायचं काम चाललेलं. गजर झाला तसा आमचा विदूषक लोकय्य शेट्टिगार जो उडाला, तो थेट देवीच्या वेषावर जाऊन पडला. देवी सहा फुटांची आहे आणि तिला मिश्या आहेत, तिने त्याला तिथेच धुतला.

पण नेम म्हणजे नेम. सहाला गजर, गोळी, वर वाटीभर पेज, आणि यजमानाच्या पडवीत आडवा. की बारापर्यंत मेलेला. वीस दिवसांत एकदाही चुकलो नाही. हे तू भिंतीवर लिहून ठेव.

वेष उत्तम चाललाय. चेहरा अजून मीच रंगवतो, तीन तास लागतात, उजवा डोळा दोघांचं काम करतो. डाव्या अंगाला खालचं दिसत नाही, म्हणून उतरताना लोकय्य त्या बाजूला उभा राहतो आणि प्रेक्षकांना वाटतं की हाही विनोदच. प्रेक्षकांमधून मशाली घेऊन येतो ना आपण, तेव्हा परवा एका आजीने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. राक्षसाच्या! मी शिंगं सावरत म्हटलं, "आजी, मला अजून देवीच्या हातून मरायचंय, थांबा जरा."

गुडघा थोडा खरचटलाय. विहिरीची पायरी ओली होती. लिहिण्यासारखं काही नाही, पण तुला पानं गाळलेली चालत नाहीत म्हणून लिहिलं.

दूमण्ण

 

पंज मुक्काम,
८ जानेवारी २००८

सन्माननीय देवक्का बाई यांच्या चरणी लोकय्य शेट्टिगार याचा नमस्कार.

आपलं कार्ड पोचलं. 'दूमण्ण तंबाखू खातो का ते गुपचूप कळवावे', अशी आज्ञा. बाई, तीस वर्षं मी रंगमंचावर राजाची चुगली राणीला आणि राणीची राजाला सांगतो, खऱ्या चुगलीचं काम पहिल्यांदाच मिळालं. अक्षर सांभाळून घ्या.

तंबाखू नाही. पान खातात तेही कोरडं. यात माझा घात आहे, कारण त्यांच्या डबीतूनच मी खात होतो.

पण दुसरं एक आहे. दूमण्णांनी सांगू नको म्हटलंय, आणि आपण विचारलेलं नाही, तरी सांगतो. ते घोरतात. घोरतात म्हणजे, आमचा मद्दळे-मृदंगवाला म्हणतो की ताल धरता येतो. त्याचं मला काही नाही, कापूस आहे. पण मध्येच ते एकदम थांबतं. श्वासच थांबतो. मी उठून बसतो आणि बोटं मोजतो. परवा पंचवीसपर्यंत मोजली. मग गाडी सुरू व्हावी तसा एक धक्का, आणि पुन्हा चालू. उठल्यावर डोकं जड असतं आणि बसल्या जागी डुलक्या काढतात. जाडही झालेत, पण हे माझ्या तोंडून आलं असं म्हणू नका.

आणि बाई, विहिरीची पायरी ओली नव्हती. दुपारी बाराला उठून उभे राहिले तसे जागच्या जागी कोसळले. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सने रक्तदाब मोजला, वरचा आकडा अठ्ठ्याऐंशी. ती म्हणाली, "गोळीची वेळ चुकवलीत का?" तर हे छाती काढून म्हणतात, "कधीच नाही. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला." ती म्हणाली, मग अशक्तपणा असेल, मीठ घालून पेज प्या. त्या दिवशी त्यांनी नर्सच्या नावाने तीन सुके बांगडे खाल्ले.

आपल्या घड्याळाने नेम एकही दिवस चुकू दिला नाही, एवढं मात्र खरं.

आपला आज्ञाधारक,
लोकय्य

 

मंगळूर,
१७ जानेवारी २००८

दूमण्ण,

हे पत्र सुब्रह्मण्यच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, टपालाला चार दिवस लागतील. वाचताक्षणी करायचं ते हे: सकाळी सहाची गोळी आजपासून बंद. दुपारी उठून, जेवून, मग एक. एकच, दोन नाही. आणि येत्या चार दिवसांत लोकय्यला घेऊन कामत डॉक्टरांकडे ये. ती तुझी वाट बघते आहे. मीही, तीर्थहळ्ळीला परतून, तुझ्या पत्राची.

आता बाकीचं.

लोकय्यचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा घोरण्यासाठी, दुसऱ्यांदा पडण्यासाठी. तिसऱ्यांदा 'रोज सकाळी सहाच्या ठोक्याला' इथे आले आणि खुर्चीत बसूनच राहिले. दूमण्ण, रात्रभर खेळ करून सकाळी सहाला तुझी रात्र सुरू होते! डॉक्टरने ज्या वेळी घेऊ नका म्हणून सांगितलं, नेमक्या त्याच वेळी तू गोळी घेत होतास. झोपायच्या आधी! त्याही दोन! तुझं एक वेळ जाऊ दे, तू पहिल्यापासून असाच. पण मी? अप्पा दुपारी उठेपर्यंत अंगणात पाय वाजवायचे नाहीत, म्हणून आपण लहानपणी चवड्यांवर लगोरी खेळलो. मेळ्यातल्या माणसाच्या मुलीला हे कळू नये? वर मी गजराचं घड्याळ पाठवलं. गेले दोन महिने मी रोज सहाला उठून, आता दूमण्णने गोळी घेतली असेल, म्हणून देवाला हात जोडत होते. तुझ्या उजव्या डोळ्याचं काही झालं असतं तर मी कुठे तोंड लपवलं असतं, सांग.

दुसऱ्या दिवशी आगुंबे घाटाची बस धरली. शेजारच्या बाई चौदाही वळणांना ओकल्या. दवाखान्यात तीन तास बसले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तुझा कागद काढून पाटीवर खडूने लिहावं तसं मोठ्या अक्षरात मला लिहून दाखवलं. व्यवसाय: शेती. झोप: रात्री नऊ ते पहाटे पाच.

पहाटे पाचला तू शिंगं लावून उभा असतोस, गाढवा!

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग तिचं हसू गेलं. म्हणाली, "मी शेतकऱ्याला औषध दिलं आणि ते घेतलं नटाने." घोरण्याचं ऐकल्यावर तर डोक्यालाच हात लावला. श्वास अडतो तेव्हा नसेला मिळायचं तेवढंही रक्त आणि हवा मिळत नाही, हे कारण तंबाखूइतकंच मोठं आहे, म्हणाली. ते तिने विचारलं होतं आणि तू विनोद केला होतास.

एक गोष्ट मीही विचारून घेतली. अप्पांची. आता खात्री देता येणार नाही, म्हणाली, पण दोन्ही वेळा झोपेतून उठल्यावर, न दुखता, अर्धं अर्धं गेलं, म्हणजे बहुतेक हेच असणार, घराण्याने दिलेलं अरुंद दार. मी म्हटलं, घरात सगळे म्हणायचे की वेषाचा चुना डोळ्यात गेला. ती म्हणाली, चुन्याने डोळा जळतो, लाल होतो, माणूस किंचाळतो. चुना असा गुपचूप येत नाही.

दूमण्ण, अप्पांचा चुना आई वाटायची. तुला आठवतं, त्यानंतर आईने मरेपर्यंत पानालासुद्धा चुना लावला नाही. कुणी कधी तिला दोष दिला नाही, पण कुणी नाहीही म्हटलं नाही. मी तिथेच दवाखान्यात रडले. डॉक्टरीणबाईंना वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय, म्हणून त्यांनी मला चहा दिला.

खोटं का सांगितलंस, एवढं लिही. रागावणार नाही. रागावून झालंय.

अक्का

 

सुळ्य मुक्काम,
२७ जानेवारी २००८

ती. अक्का,

बावीस तारखेला डॉक्टरांकडे गेलो. लोकय्य बरोबर होता. त्याने माझ्या घोरण्याची नक्कल श्वास थांबण्यासकट करून दाखवली, रांगेतले सगळे पेशंट दारात गोळा झाले.

खोटं का बोललो ते सांगतो. त्या वेळी मंगळूरच्या डॉक्टरने अप्पांना पहिल्याच भेटीत मेळा सोडायला लावला, आठवतं? दुसरा डोळा तेव्हा धडधाकट होता. दोन वर्षं अप्पांना दिसत होतं आणि ते बसून होते. शेजारच्या शेतात खेळ असला की दार लावून घ्यायचे. तू नोकरीला पुत्तूरला होतीस, मी मेळ्यातून अधूनमधून घरी यायचो तेव्हा बघायचो. दिसेनासं झाल्यावर ते निदान कान देऊन ऐकायला लागले. मला त्या आंधळेपणाची भीती नाही वाटली अक्का, त्या दोन वर्षांची वाटली. म्हणून कागदावर 'शेती' लिहिलं. रेशनकार्डावरही तेच आहे, हात सहज वळला.

वाटलं होतं, खरं कळल्यावर डॉक्टर मला हाकलून देतील. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, एक कोरा कागद घेतला आणि विचारलं, "आता सांगा. उठता कधी, जेवता कधी, वेष कधी चढवता, झोपता कधी." चोवीस तासांची रेघ आखली. माझी झोप जिथे होती तिथे काळं केलं आणि त्यापासून सगळ्यात लांब गोळी ठेवली. मी न राहवून विचारलं, "आणि मेळा?" त्या म्हणाल्या, "मेळा सोडा असं मी कधी म्हटलं? माझ्याशी खोटं बोलू नका, एवढंच म्हणते. तुमच्या डोळ्याला राक्षसाचा धोका नव्हता, शेतकऱ्याचा होता."

तीन महिने मी ज्या उत्तराला भीत होतो ते हे होतं. बाहेर येऊन पायरीवर बसलो. लोकय्यने पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही.

उजवी नस आज चांगली आहे. उद्याची हमी देत नाहीत. एक रात्र तिथे तारा लावून झोपवलं, तासाला बत्तीस वेळा श्वास अडतो असं निघालं. म्हणून आता एक यंत्र दिलंय. नाकावर मुखवटा, त्याला नळी, ती रात्रभर (म्हणजे दिवसभर) हवा फुंकते. ज्या घरी खेळ असेल तिथे आधी पंगत कुठे असं विचारायचो, आता यंत्रासाठी विजेच्या खटक्याची जागा विचारतो. काल यजमानाची पोरं दारातून डोकावली आणि आत जाऊन सांगायला लागली की राक्षस झोपताना हत्ती होतो.

वजन दहा किलो उतरवायचं आहे. साखर, मीठ, तेल, सगळ्यावर डोळा ठेवायचा. आहे तो.

दूमण्ण

 

तीर्थहळ्ळी,
६ फेब्रुवारी २००८

चि. दूमण्ण यास,

खोटं बोललास त्याचं मनातून गेलं. तुझ्या जागी मी असते तर 'शेती' लिहिलं नसतं, 'भटजी' लिहिलं असतं, म्हणजे कुणी काही विचारलंच नसतं.

आता मला एक कबूल करायचंय. त्या दिवशी चहा दिल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझे डोळेही तपासले. एकाच आईबापांची म्हणून. माझंही दार अरुंद. मग विचारलं, रक्तदाबाची गोळी कधी घेता? नऊ वर्षं मी ती झोपताना घेते. तुझं पत्र आलं तेव्हासुद्धा मी पलंगावर बसून, त्याच गोळीबरोबर पाणी पीत पीत ते वाचलं होतं, आणि तुला सत्तर मार्क दिले होते. स्वतःकडे माझं लक्षच गेलं नाही. आता मीही सकाळी घेते. माझी सकाळ खरीखुरी सकाळीच होते.

घोरता का, असं विचारल्यावर मी म्हटलं, घरात विचारून सांगते. घरी आल्यावर सुनेला विचारलं, तर ती संकोचाने म्हणाली, "आई, थोडं." थोडं म्हणजे किती, ते माझ्या नातवाने अख्ख्या गल्लीला सांगितलंय. मला काय ऐकू येतंय!

दोन्ही डोळे ठीक आहेत. काळजी नको. पण माझ्यावर आता तू ओरडलास तरी चालेल, तो तुझा हक्क आहे. मोठ्याने ओरड.

देवक्का

 

बेळ्ळारे,
२७ मे २००८

ती. अक्कास सा. न.

ओरडत नाही. तुला ऐकू येणार नाही आणि म्हैस घाबरेल.

परवा मेळा उठला, यंदाचा हंगाम संपला. घुंगरं सोडून देवापुढे ठेवली. जानेवारीनंतर एकदाही पडलो नाही. सात किलो उतरलोय, शिंगांचा मुकुट आता डोक्यावर गरगर फिरतो, आत फडकं भरावं लागतं. गेल्या सोमवारी मंगळूरला दाखवून आलो. डावा होता तिथेच आहे, म्हशीला पाय फुटले नाहीत. उजवा अख्खा आहे. पुढच्या वर्षीचं काय असं विचारलं, तर कामतबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. तुम्ही तुमचं केलंत, आता डोळ्याला त्याचं करू द्या."

मेळ्याला मीच सांगितलं की आठवड्यातून चारच खेळ करीन. मालकाने कुरकुर केली. मग म्हणाला, चार तर चार, पण तूच कर.

डॉक्टरांनी एक काम दिलंय ते तुला सांगायचं राहिलं. उठल्यावर पलंगावर बसायचं, डावा डोळा हाताने झाकायचा, उजव्याने समोर भिंतीकडे बघायचं आणि मान न हलवता खाली आपले पाय दिसतात का ते बघायचं. दिसले तर ठीक. नाही दिसले तर त्याच दिवशी बस. एकशे सव्वीस दिवस मी हे केलं. एक दिवस सोडून रोज दिसले. डोळा झाकण्याआधी छातीत जे धडधडतं ते वेष घेऊन मशालींतून येतानाही कधी धडधडलं नाही.

मेळा उठायच्या आदल्या आठवड्यात एक दिवस उठलो, डोळा झाकला, आणि पाय नाहीत. खाली नुसतं करडं. अक्का, मी असा ओरडलो की यजमानाच्या घरातली भांडी पडली. लोकय्य धावत आला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या पायांवरचं करडं कांबळं ओढून बाजूला केलं. सगळं घर हसलं. मीही हसलो, सर्वांत शेवटी.

आता उशाला कांबळं घेत नाही, पायांवरही नाही. उकडत असो की गारठा असो. आज इथे घरी सकाळी सहाला उठलो, माणसांसारखा. डोळा झाकला. दोन पाय, दहा बोटं, डाव्या अंगठ्याचं मोडकं नख, पलीकडे जलजाने झाडून ठेवलेली जमीन. सगळं जागच्या जागी होतं. मी तसाच बसून रडलो. रोज रडतो. हे लोकय्यलाही माहीत नाही.

तुझा,
दूमण्ण